झगडीबुढीचा टोप

मी एक जुना, पांढऱ्या केसांचा टोप आहे. नाटकात म्हातारं दिसायचं असलं की डोक्यावर चढवतात ना, तो. पांढरा म्हणणं ही माझी आपली हौस. खरं तर आता माझा रंग ताकात हळद सांडल्यासारखा झाला आहे आणि उजव्या कानामागच्या बटा कुठल्या कुठे गेल्या आहेत. त्या कशा गेल्या तेही सांगणार आहे, पण त्या वेळी हसायचं नाही. मित्रांनो, एके काळी धुळ्यापासून रावेरपर्यंत मला ओळखत नाही असं गाव नव्हतं. माझ्याखाली सात वर्षांची एक मुलगी असायची, पण लोकांना आधी दिसायचो तो मी. निदान माझा तसा समज होता.

तुम्ही म्हणाल, टोप असून एवढं शुद्ध कसं बोलतो? त्याचं असं आहे, आयुष्यातली पुष्कळ वर्षं मी एका पत्र्याच्या पेटीत काढली आणि त्या पेटीत माझ्या शेजारी शाळेची जुनी पुस्तकं होती. दुसरं कुणी बोलायला नव्हतं. जे कानावर पडलं ते उचललं.

माझा जन्म जळगावजवळच्या असोद्याच्या शिवारातला. तिथे कपाशीच्या कडेने अंबाडीची एखादी ओळ लावतात. पाल्याची भाजी करतात आणि खोडं पाण्यात कुजवून त्यांचा वाख काढतात. तो वाख म्हणजे मी. माझ्या भावंडांचे दोर झाले, दावी झाली. मी मात्र जळगावच्या हेमराजनानांच्या हाती लागलो. नाना शाळांच्या स्नेहसंमेलनांना आणि गणपतीच्या देखाव्यांना कपडे, दाढ्या, मुकुट पुरवायचे. त्यांनी मला सोडा घातलेल्या पाण्यात उकळलं, उन्हात टाकून पांढरं केलं, फणीने विंचरलं. मग लाकडाच्या डोक्यावर सुती जाळी ताणून माझा एकेक झुबका तिच्यात गाठ मारून बसवला. काम संपल्यावर नानांनी मला हातावर धरून गोल फिरवलं आणि म्हणाले, "हं, जमलास." नाना फार बोलणारे नव्हते. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप झालं. पुढे काही वर्षं मी ऋषी होतो. दर हिवाळ्यात नव्या शाळेत, नव्या डोक्यावर बसून शाप द्यायचे, असं माझं काम होतं.

तेव्हा धुळ्यात कुंदनभाऊ नावाचे एक गृहस्थ लग्नांचं शूटिंग करायचे. लग्नसराई संपली की कॅमेरा रिकामा पडतो, हे त्यांना बघवेना. म्हणून त्यांनी आमच्या खानदेशच्या अहिराणीत विनोदी सिनेमे काढायला घेतले. ते थिएटरात लागायचे नाहीत. सीडीवर निघायचे, आठवड्याच्या बाजारात विकले जायचे आणि एका घरात लागले की सगळी गल्ली त्या दाराशी गोळा व्हायची. पहिल्याच सिनेमात सुनेशी दिवसभर भांडणारी एक म्हातारी होती, झगडीबुढी. तिच्यासाठी मला जळगावहून मागवलं. पण जी बाई हे काम करणार होती तिच्या मुलाने ऐन वेळी नकार दिला. आमची आई भांडताना साऱ्या खानदेशाने का बघावी, म्हणाला. कुंदनभाऊ कपाळाला हात लावून बसले.

त्या दिवशी दिव्यांचं काम बघायला धुळ्यातल्याच देवपूरचे रविंद्रभाऊ आले होते आणि सुट्टी म्हणून त्यांची मुलगी संघमित्राही बरोबर होती. मोठ्यांचं लक्ष नाही असं बघून तिने मला उचललं आणि डोक्यावर घातलं. मी तिला मोठा होत होतो, भुवयांपर्यंत आलो. तिच्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास होता आणि ते उन्हाने तापलेलं होतं. ती कंबरेत वाकली, एक हात पाठीवर ठेवला आणि अंगणात बसलेल्या कोंबडीकडे अशा काही नजरेनं बघितलं की कोंबडी उठून निघून गेली.

कुंदनभाऊ उभे राहिले. "हाईच शे मनी बुढी," ते म्हणाले.

लगेच कॅमेरा लागला. सून झालेली बाई केर काढू लागली. संघमित्रा ठुमकत पुढे आली, तिने कंबरेवर हात ठेवले, मान वाकडी केली आणि म्हणाली, "सूनबाई, आपण सकाळपासून काय करत आहात?"

सून झालेली बाई हसत केरातच बसली. कुंदनभाऊंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चेहरा अस्सल भांडकुदळ आणि भाषा शाळेच्या बाईंची. पोरीला अहिराणीचा एक शब्द बोलता येत नव्हता.

यात तिचा काही दोष नव्हता. रविंद्रभाऊ लहानपणी खेड्यातून शहरातल्या शाळेत आले, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. पुढे पुण्याला नोकरीच्या मुलाखतीला गेले, तिथेही तोंडातून एक शब्द निसटला आणि समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. ते हसू त्यांच्या मनातून गेलं नाही. आपल्या पोरीला कुणी हसू नये म्हणून त्यांनी घरात नियमच केला, अहिराणी बोलायची नाही. चांगल्या मनाने केला होता, हे मी आजही म्हणेन. पण त्या घरात त्यांची आई होती, द्रौपदाबाई. त्यांचं उभं आयुष्य खेड्यात, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाण्यात गेलेलं. बोलायला लागल्या की शेजारच्या ओळीतल्या बायका तण निंदणं थांबवून ऐकायच्या, अशी त्यांची ख्याती. मुलाने एक दिवस हात जोडून सांगितलं, "आई, पोरीसमोर अहिराणी नको." त्यांनी ऐकलं. शहरी मराठी त्यांना नीट यायची नाही, म्हणून त्यांनी बोलणंच आवरलं. हो, नको, झालं. एवढ्या शब्दांवर द्रौपदाबाई घरात वावरू लागल्या.

कुंदनभाऊ या द्रौपदाबाईंना जुन्या ओळखीने अक्का म्हणायचे. या सिनेमांचं काम असं चालायचं, की आधी नुसती दृश्यं घ्यायची आणि आवाज मागाहून भरायचे. त्यामुळे कुंदनभाऊंना एक युक्ती सुचली. चेहरा पोरीचा आणि आवाज अक्कांचा. हे फक्त सिनेमापुरतं, घरात नियम तोच, या अटीवर रविंद्रभाऊही कबूल झाले.

कुंदनभाऊंच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून उभ्या केल्या होत्या. आवाज येतो म्हणून पंखा बंद. समोर टीव्हीवर चित्र चालू, पण द्रौपदाबाईंना ते हलतं चित्र बघून बोलणं जमेना. तेव्हा संघमित्राने मला डोक्यावर चढवलं, स्टूल ओढून ती आजीच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "आजी, टीव्हीकडे नको, माझ्याकडे बघ." द्रौपदाबाईंनी आधी दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

"आते मोकयं बोलू ना रे भाऊ?" त्यांनी हळूच विचारलं.

"मोकयं बोला अक्का," कुंदनभाऊ म्हणाले.

आणि मित्रांनो, त्या जे सुटल्या! "काय व सून, दिन डोकावर ऊना, आनि तुनी झाडझुड आजून चालीच ऱ्हायनी? मना तोंडले लागू नको. मनी जीभ सुटनी ते धुयापावत ऐकू जाई!" संघमित्रा ओठ हलवत होती, हातवारे करत होती आणि आजी तिच्या तोंडात शब्द भरत होती. दोघी घामाने न्हाल्या होत्या. माझ्या वाखातून घाम ठिबकत होता, तरी मी हूं की चूं केलं नाही. काम संपल्यावर द्रौपदाबाई डोळे पुसत कितीतरी वेळ हसत राहिल्या. इतकं मोठ्याने हसलेलं त्यांच्या नातीने कधी ऐकलं नव्हतं.

सीडी निघाली आणि खानदेशभर गाजली. एवढीशी पोर, डोक्यावर हा पांढरा पसारा आणि तोंडात जुन्या बायकांची पक्की बोली. लोक हसून हसून लोळले. ओठ आणि आवाज जुळत नाहीत हे कुणाला कळू नये म्हणून कुंदनभाऊ माझ्या बटा पोरीच्या तोंडावर ओढून घ्यायचे. म्हणजे त्या यशात माझाही वाटा होता, हे विनयाने सांगतो. वेष्टनावर मात्र नाव एकच होतं, बालकलाकार संघमित्रा. "एवढुशी पोर इतली बोलस, हाईच ते मजा शे," कुंदनभाऊ म्हणाले. द्रौपदाबाईंनी हात हलवला. "मले कसाले नाव? पोरनं नाव व्हवू दे," म्हणाल्या, आणि घरी जाऊन परत हो, नको, झालं.

एकामागून एक सिनेमे निघाले. जत्रांमधून, लग्नांमधून बोलावणी येऊ लागली. टेप लावायची आणि संघमित्राने ओठ हलवायचे, असं ठरलेलं. पण लोकांचं तेवढ्याने भागत नाही. रावेरकडच्या एका लग्नात केळीच्या बागांचे मालक अभिमनआप्पा यांनी तिला उचलून खुर्चीवर उभं केलं आणि टेप बंद करायला लावली. आता खरंखुरं बोल, म्हणाले. सगळा मांडव तिच्याकडे बघू लागला. तिच्या डोक्याला माझ्याखाली घाम फुटला. ती बारीक आवाजात म्हणाली, "माझा घसा बसलाय."

"आरे, हिले पह्यले हयदीचं दूध द्या," आप्पा ओरडले. दूध आलं, आलं-गूळ आला, लवंग आली. बिचारीने सगळं निमूट खाल्लं.

त्या दिवसापासून तो घसा बसला तो बसलाच. शिरपुरात बसला, अमळनेरात बसला, भुसावळात बसला. गावोगावच्या बाया तिच्यासाठी ओवा आणि ज्येष्ठमधाच्या पुड्या पाठवू लागल्या. मला आधी गंमत वाटायची. पण एकदा लग्नाहून परतताना, गाडीत मी तिच्या मांडीवर असताना, तिने आजीच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "आजी, मला शिकव ना गं तुझ्यासारखं बोलायला." पुढच्या सीटवर रविंद्रभाऊ बसले होते. द्रौपदाबाईंनी त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि नातीच्या केसांवरून हात फिरवला. "मोठी झाल्यावर," त्या म्हणाल्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

ती मोठी झाली, आणि आमचं दोघांचं दुकान तिथेच बंद झालं. बालकलाकाराचं आयुष्य डोक्याच्या मापाचं असतं, मित्रांनो. भुवयांवर येणारा मी आधी कपाळावर बसू लागलो, मग टाळूवर. एका दृश्यात ती सुनेवर धावून गेली आणि माझी मागची शिवण टर्रकन उसवली. तोवर सीडीचा जमानाही संपत आला होता. लोकांच्या हातात मोबाइल आले. मला धुवून, वाळवून, संघमित्राच्या घरी पत्र्याच्या पेटीत ठेवलं गेलं. धुवून ठेवलं हे त्यातल्या त्यात बरं.

पेटीतले दिवस काही सुखाचे नव्हते. झुरळांनी माझ्यात बिऱ्हाड केलं. एकदा मोरीतला नळ गळायला लागला, तेव्हा आट्यांवर गुंडाळायला घरात वाख मिळेना. रविंद्रभाऊंना माझी आठवण झाली. त्यांनी उजव्या कानामागच्या बटा कात्रीने कापल्या आणि नळाला गुंडाळल्या. ज्या बटांवर अख्खा खानदेश लोळला, त्या आज देवपुरातल्या एका मोरीत पाणी अडवून बसल्या आहेत. हसायचं नाही म्हणून मी आधीच बजावलं होतं.

पण माझ्याहून वाईट दिवस द्रौपदाबाईंचे होते. माझं निदान डोकं गेलं होतं, त्यांचा आवाज गेला. रेकॉर्डिंगची ती गाद्यांची खोली हीच काय ती मोकळं बोलायची जागा होती, आणि ती बंद झाली. पेटीच्या फटीतून मला दिसायचं, त्या खिडकीशी बसून राहायच्या. कुणी काही विचारलं की शहरी शब्द शोधायच्या, आणि तो सापडेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा. नातेवाईक म्हणायचे, म्हातारीला वयोमानाने सुचत नाही. सुचत होतं, मित्रांनो. सगळं सुचत होतं.

संघमित्रा शिकली, देवपुरातल्याच एका शाळेत शिक्षिका झाली. तिथेही पालक तिला झगडीबुढीच म्हणायचे, म्हणा ना एक वाक्य अशी गळ घालायचे. ती घशाला हात लावायची.

एका संध्याकाळी ती शाळेतून आली आणि चप्पल न काढताच आजीजवळ बसली. वर्गात ऋतिका नावाची एक मुलगी नवीन आली होती, खेड्यातली. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, मना पेन हारपना." वर्ग खो खो हसला. आणि संघमित्राच्या तोंडून निघून गेलं, "नीट बोल गं." त्या दिवसानंतर ऋतिकाने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. विचारलं की नुसती मान हलवायची.

"मी पण तेच केलं, आजी," संघमित्रा म्हणाली.

द्रौपदाबाईंनी एकदा दाराकडे बघितलं. मग त्यांनी घरातला नियम मोडला. "तिले पेन भेटना का मंग?" त्यांनी विचारलं.

पेन सापडलं की नाही हे संघमित्राला माहीत नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं. आजीच्या या साध्या प्रश्नाने तिला रडू फुटलं.

नेमके त्याच आठवड्यात कुंदनभाऊ आले. आता त्यांचेही केस माझ्यासारखे झाले होते. जळगावात अहिराणी सिनेमावाल्यांचा मेळावा भरणार होता आणि त्यात झगडीबुढीचा सत्कार ठरला होता. "टोप घालून ये. आणि एक डायलॉग म्हण, टेपवर नाही, स्वतः," ते म्हणाले. "हल्ली पोरं मोबाइलवरच सिनेमे काढताहेत. त्यांना तुला घेऊन नवी झगडीबुढी काढायची आहे. त्यांच्यापुढे घसा बसलाय म्हणून चालायचं नाही."

"भाऊ, मला येत नाही हे तुम्हाला माहीत आहे."

"एकच वाक्य आहे. पाठ कर ना. कुणाला कळतंय?"

संघमित्राने खिडकीकडे बघितलं. द्रौपदाबाई तोंड फिरवून बाहेर बघत होत्या, पण त्यांचा कान इकडेच होता. "येते," ती म्हणाली. "पण आजीलाही आणणार आहे. पहिल्या रांगेत."

मला पेटीतून काढलं. तिच्या आईने, सविताताईंनी, माझी उसवलेली शिवण इलास्टिक लावून जोडली आणि मी पुन्हा एकदा त्या डोक्यावर चढलो. तेल तेच होतं. डोकं मात्र पुष्कळ विचारांचं झालं होतं.

जळगावचं ते सभागृह खचाखच भरलं होतं. बाया मुलंबाळं घेऊन आल्या होत्या. झगडीबुढीचं नाव पुकारताच शिट्ट्या पडल्या, आणि मी कबूल करतो, माझी छाती फुगली. टोपाला छाती नसते, तरी फुगली. शाल झाली, श्रीफळ झालं. मग हातात माइक आला आणि सगळे थांबले. पहिल्या रांगेत द्रौपदाबाई रविंद्रभाऊंच्या शेजारी अंग चोरून बसल्या होत्या. माझ्याखालचं डोकं तापलं, अगदी रावेरच्या मांडवात तापलं होतं तसं. आठवडाभर ते एक वाक्य तिने आरशासमोर घोटलं होतं. म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. टाळ्या पडल्या असत्या, नवा सिनेमा मिळाला असता, आणि द्रौपदाबाई पहिल्या रांगेतून जशा आल्या तशाच परत गेल्या असत्या.

तिने मला डोक्यावरून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"मला अहिराणी येत नाही," ती म्हणाली. "तेव्हाही येत नव्हती. मी फक्त तोंड हलवत होते. तुम्ही ज्या आवाजाला इतकी वर्षं हसलात, तो माझ्या आजीचा आहे. द्रौपदाबाईंचा. त्या इथे बसल्या आहेत. माझा घसा कधीच बसला नव्हता."

सभागृहात एकदम कुजबुज उठली. स्टेजवरचे पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मागून कुणीतरी नाराजीने म्हणालं, "मंग आमी इतला दिन कोनले हासनूत?" ज्या बायांनी ओव्याच्या पुड्या पाठवल्या होत्या, त्यांचे चेहरे उतरले. कुंदनभाऊंनी मान खाली घातली. संघमित्रा माइक धरून तिथेच उभी होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"काय व संगू, तुले कोनी सांगेल व्हतं मनं नाव घेवाले?" द्रौपदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या होत्या. "इतला लोकस्मा मनी शोभा करस का? घसा बठेल शे, घसा बठेल शे म्हनत इतला वरीस काढात, आनि आज बठ्ठं सांगीच टाकं? खाले उतर पहिले. पाय थरथरी ऱ्हायनात तुना, पडशी ना तठे."

कुजबुज थांबली. मित्रांनो, तो आवाज त्या सभागृहातल्या प्रत्येकाने आपल्या घरात, गल्लीत, लग्नात ऐकला होता. वय झाल्याने थोडा खरखरीत झाला होता, पण तोच. लोक खुर्च्यांमधून उठून पुढे बघायला लागले. कुंदनभाऊ घाईघाईने माइक घेऊन खाली धावले.

"माइक कसाले जोयजे मले?" द्रौपदाबाईंनी तो बाजूला सारला. "आनि तू रे कुंदन, त्या खोलीमा पंखा बंद करी बठाडे मले, आनि एक कप चहा कधी पाजा नही."

सभागृह हसलं. रविंद्रभाऊंनी आईचा पदर हळूच ओढला. ही त्यांची जुनी सवय होती. "आई, हळू," ते म्हणाले. "लोक ऐकताहेत."

"ऐकू दे," त्या वळून म्हणाल्या. "घरमा बोलानी बंदी शे. आठे बी चूप बठू का?"

यावर आधी लोक हसले. नेहमीसारखं भांडण आहे असं त्यांना वाटलं. मग पुढच्या रांगांतलं हसू थांबलं, हळूहळू मागच्या रांगांतलं थांबलं. त्या सभागृहात असे पुष्कळ मुलगे बसले होते ज्यांनी आपापल्या घरात हाच नियम केला होता.

रविंद्रभाऊ मान खाली घालून बसले होते. ते उठले. त्यांच्या आईच्या कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी आपल्या रुमालाने टिपला. त्यांचे ओठ हलले, पण शब्द लवकर येईना. इतक्या वर्षांनी तो शोधावा लागत होता.

"बोल माय," ते म्हणाले. "आते तुले कोनी चूप बठ म्हनाव नही."

द्रौपदाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्या खाली बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मग डोळे पुसले, आणि बोलल्या. कार्यक्रमपत्रिकेतलं पुढचं काही झालंच नाही. बाया खुर्च्या सोडून त्यांच्याभोवती जमिनीवर येऊन बसल्या, आणि संघमित्रा सगळ्यांत पुढे. तीही मधूनच अडखळत एखादा शब्द अहिराणीत बोलून बघत होती, आणि चुकली की चार बाया एकदम सांगत होत्या.

मी टेबलावर शाल-नारळाशेजारी पडून होतो. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. परतताना एरंडोल मागे पडलं, पारोळं मागे पडलं, तरी गाडीत द्रौपदाबाई बोलतच होत्या. रविंद्रभाऊ हुंकार देत होते आणि मधून मधून आईची बोलणी खात होते, कारण अर्धे शब्द त्यांनाही आठवत नव्हते.

आता मी कपाटाच्या काचेमागे आहे. नवा सिनेमा निघतो आहे. त्यात बुढीचं काम द्रौपदाबाई स्वतःच करताहेत आणि त्यांना टोपाची गरज नाही. मला कुणी झाडलं, जपलं तर बरं वाटेल, नाही असं नाही. पण मित्रांनो, मागायचंच तर मी दुसरं काही मागेन. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस हो, नको, झालं एवढ्यावर आलं असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याच्या बोलीत, येईल तसं, चुकतमाकत काहीतरी विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर उठू नका.